लॅपटॉप आत्ता घ्यावा की थांबावं? निर्णय नेमका कसा घ्यायचा?

अंधेरीच्या मॉलमधल्या शोरूममध्ये जा, घाटकोपरला स्टेशनजवळच्या दुकानात जा किंवा घरबसल्या मोबाइलवर किमती बघा. लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की कुणीतरी सांगतंच, "आत्ता नको, थोडं थांब." एकाच्या मते दसऱ्याला सेल लागणार असतो. दुसऱ्याला पक्की खबर असते की पुढच्या महिन्यात नवीन प्रोसेसर येतोय. तिसरा म्हणतो, "भाव वाढतायत, आजच घेऊन टाक."

तिघांचंही काही अंशी बरोबर असतं, म्हणून तर गोंधळ होतो. महिने निघून जातात, जुना लॅपटॉप रडतरखडत चालतो आणि शेवटी मुलाच्या सबमिशनच्या आदल्या रात्री तो बंद पडतो. मग दुसऱ्या दिवशी जे दुकानात असेल ते, ज्या भावाला मिळेल त्या भावाला घ्यावं लागतं.

ही वेळ येऊ नये म्हणून थांबण्याचा आणि घेण्याचा हिशोब कसा मांडायचा, ते या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- जुना लॅपटॉप तुमचं काम नीट करत असेल, तर थांबा. भाव उतरले नाहीत तरी तुमचा फायदाच आहे.
- जुना लॅपटॉप काम अडवत असेल, तर घ्या. बाजारात पुढे काय येणार आहे, याने फारसा फरक पडत नाही.
- थांबायचं असेल, तर कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत हे आधीच ठरवा. कारण आणि तारीख नसलेलं थांबणं म्हणजे नुसती चालढकल.

म्हणजे या प्रश्नाचं उत्तर दुकानात कमी आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये जास्त आहे. का, ते पुढे पाहू.

"थांबा" हा सल्ला इतका पटतो का?

कारण अनेक दशकं तो खरा ठरत आला. इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये असं निरीक्षण मांडलं की एका चिपवर बसणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी साधारण दुप्पट होते आहे. १९७५ मध्ये त्यांनी हा काळ दोन वर्षांचा केला. यालाच पुढे "मूरचा नियम" म्हटलं गेलं. ग्राहकासाठी त्याचा अर्थ सरळ होता. आज घेतलेल्या पैशांत उद्या जास्त वेगाचं मशिन मिळणार.

मग उद्याची वाट किती दिवस बघायची? अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये अर्धवट गमतीने हाच हिशोब मांडला. एखादी मोठी आकडेमोड आजच्या कॉम्प्युटरवर लगेच सुरू करावी, की काही महिने मजेत घालवून नंतर वेगवान कॉम्प्युटर घेऊन करावी? त्यांचं उत्तर असं आलं की आकडेमोडीला २६ महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल, तरच थांबण्यात फायदा आहे. त्यापेक्षा छोटं काम असेल, तर आजच सुरू केलेलं बरं. कॉम्प्युटरचा वेग भराभर वाढत होता, तेव्हाचं हे उत्तर आहे.

आपलं काम यापेक्षा फारच लहान असतं. प्रोजेक्ट या सेमिस्टरला द्यायचा असतो. क्लायंटला फाइल शुक्रवारी हवी असते. आयटी रिटर्न जुलैमध्ये भरायचा असतो. पुढच्या वर्षीचा वेगवान लॅपटॉप ही कामं मागे जाऊन करून देत नाही.

थांबण्याचा हिशोब कागदावर

समजा, तुम्ही ६०,००० रुपयांचा लॅपटॉप घेणार आहात आणि तो ५ वर्षं वापराल. ५ वर्षं म्हणजे ६० महिने. लॅपटॉपचा खर्च झाला महिन्याला १,००० रुपये.

आता दोन परिस्थिती बघा.

पहिली: जुना लॅपटॉप चालतो आहे. थोडा हळू आहे, पण ईमेल, एक्सेल, ऑनलाइन मीटिंग होते. तो आणखी ६ महिने वापरला, तर नव्या लॅपटॉपची ५ वर्षं ६ महिने उशिरा सुरू होतील. म्हणजे जवळपास ६,००० रुपये वाचले. या काळात बाजारातला भाव एक रुपयानेही उतरला नाही, तरी हे पैसे वाचले. सेल लागला तर ती वरकमाई.

दुसरी: जुना लॅपटॉप बंद पडला आहे. सेल ३ महिन्यांवर आहे आणि त्यात ५,००० रुपयांची सूट मिळेल असं वाटतंय. थांबलात तर ३ महिन्यांचे ३,००० आणि सुटीचे ५,००० असे ८,००० रुपये हाती राहतील. म्हणजे महिन्याला साधारण २,६७० रुपये. आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: लॅपटॉपशिवायचा एक महिना मला यापेक्षा महाग पडतो का?

घरून भाषांतर, अकाउंट्स किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याचं महिन्याला एक काम जरी हातातून गेलं, तरी २,६७० रुपये भरून निघत नाहीत. उलट ज्याला ऑफिसचा लॅपटॉप मिळालेला आहे आणि घरचा फक्त फोटो ठेवायला आणि सिनेमे बघायला लागतो, त्याला तीन महिने काहीच अडत नाही. दोघांसाठी सेल एकच, सूटही एकच, पण उत्तर वेगळं.

तुमचे आकडे घालून हा हिशोब करा. पाच मिनिटं लागतील, पण "थांब" आणि "घे" या दोन्ही सल्ल्यांपेक्षा तो जास्त कामाचा आहे.

आधी जुना लॅपटॉप तपासा

अनेकदा "लॅपटॉप जुना झाला" म्हणजे त्यातली एक गोष्ट जुनी झालेली असते. नवा घेण्याआधी चार गोष्टी बघा.

विंडोज कोणतं आहे? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. लॅपटॉप त्यानंतरही सुरू होतो, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर त्यात पैसे न भरताही नाव नोंदवता येतं. ज्या लॅपटॉपवर नेटबँकिंग होतं, त्याच्यासाठी ही तारीख महत्त्वाची आहे.

विंडोज ११ चालेल का? त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" हे मोफत ॲप घेऊन तपासलं की लगेच कळतं. विंडोज ११ चालत असेल, तर तुमच्या लॅपटॉपचं आयुष्य अजून बाकी आहे. चालत नसेल आणि काम फक्त ब्राउझर आणि लिखाणापुरतं असेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम हाही एक मार्ग आहे.

हार्ड डिस्क आहे की एसएसडी? जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर सुरू व्हायला काही मिनिटं घेणारा लॅपटॉप काही सेकंदांत सुरू होतो. जुन्या लॅपटॉपमध्ये सर्वात जास्त फरक पाडणारा बदल हाच. तुमच्याकडे आधीपासून एसएसडी असेल, तर मात्र हा उपाय संपला.

रॅम पुरते का? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचं काम चालू असताना त्यात मेमरीचा आकडा सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम कमी पडते आहे. लॅपटॉपमध्ये मोकळा स्लॉट असेल, तर रॅम वाढवता येते. पण रॅमचे भाव वाढलेले असल्यामुळे आधी चौकशी करा. काही वर्षांपूर्वी हा उपाय जेवढा स्वस्त होता, तेवढा आता राहिलेला नाही.

बॅटरी गेली असेल, तर ती बदलता येते. मदरबोर्ड गेला असेल, तर मात्र दुरुस्तीचा अंदाज घेऊन थांबा. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या एक तृतीयांशाच्या पुढे जात असेल आणि लॅपटॉप ५ वर्षांपेक्षा जुना असेल, तर तो पैसा बहुधा नव्यात घातलेला बरा. हा काही नियम नाही, पण दुकानात उभं राहून निर्णय घ्यायला उपयोगी पडणारी मोजपट्टी आहे.

लॅमिंग्टन रोड म्हणजे ग्रँट रोडजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. सुट्या भागांसाठी आणि दुरुस्तीसाठी उपनगरातले लोक अजूनही तिथे जातात. जायचं असेल तर घरच्या जवळच्या दुकानातला भाव आधी घेऊन जा. बोरिवली किंवा मुलुंडहून जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. वॉरंटीसाठी पुन्हा तिथेच जावं लागणार असेल, तर थोडा जास्त पैसा देऊन जवळच काम करून घेणं कधीकधी स्वस्त पडतं.

थांबलं की भाव उतरतात का?

नेहमी नाही. गेल्या काही वर्षांतली चार उदाहरणं बघा.

२०११, थायलंडचा पूर. त्या वर्षीच्या पुरात थायलंडमधले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले. जगभर हार्ड डिस्कचे भाव भडकले आणि पूर्वपदावर यायला बराच काळ लागला. "पुढच्या महिन्यात स्वस्त होईल" म्हणून थांबलेल्यांचा अंदाज चुकला.

ऑगस्ट २०२३, आयातीची घोषणा. केंद्र सरकारने ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉप आणि टॅबलेटच्या आयातीसाठी परवाना बंधनकारक केला. लॅपटॉप मिळणारच नाहीत अशी चर्चा सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी तीन महिन्यांनी पुढे ढकलली गेली. नोव्हेंबरपासून त्याजागी ऑनलाइन परवानगीची सोपी पद्धत आली. घाबरून त्याच दिवशी घेण्याची गरज नव्हती.

सप्टेंबर २०२५, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. एसी आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. त्यामुळे लॅपटॉपही स्वस्त होणार, असे मेसेज फिरले. पण लॅपटॉपवर आधीपासूनच १८ टक्के जीएसटी होता आणि तो तसाच राहिला. जीएसटीसाठी लॅपटॉपची खरेदी लांबवणाऱ्यांना त्यातून काहीच मिळालं नाही.

२०२५ ची अखेर, मेमरीची टंचाई. आजच्या निर्णयावर सर्वात जास्त परिणाम करणारी गोष्ट ही. जगातल्या डीरॅम मेमरीचा बहुतांश भाग सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड प्रमाणात मेमरी लागते आणि ती जास्त भावाने विकली जाते. साहजिकच कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि लॅपटॉप-मोबाइलसाठी लागणारी मेमरी महागली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये "क्रुशियल" या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडच्या दुकानांतही हे नाव ओळखीचं होतं. लॅपटॉप कंपन्यांनीही दरवाढीचे इशारे दिले.

मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला काही वर्षं लागतात, त्यामुळे ही टंचाई एका सेलमध्ये संपणारी नाही. दरवाढ नेहमी किमतीच्या पाटीवर दिसेलच असंही नाही. किंमत तीच, पण १६ जीबीच्या जागी ८ जीबी, अशीही ती येऊ शकते. म्हणून दोन महिन्यांनी तुलना करताना नुसता आकडा बघू नका. रॅम आणि स्टोरेज तेवढंच आहे का, ते बघा.

यावरून "मग आजच पळा" असं निघतं का? तसं नाही. नुसतं भाव वाढेल या भीतीने, चालू लॅपटॉप असताना नवा घेणं हाही तोटाच. दरवाढ ५,००० रुपयांची झाली आणि जुना लॅपटॉप आणखी वर्षभर चालला, तर वरच्या हिशोबाने १२,००० वाचले आणि ५,००० गेले. तरीही तुम्ही पुढेच आहात. येत्या दोन-तीन महिन्यांत घ्यावाच लागणार असेल, तर मात्र भाव उतरण्याची वाट बघण्यात सध्या अर्थ कमी आहे.

नव्या मॉडेलसाठी थांबावं का?

इथे ॲपलचं उदाहरण बोलकं आहे. मार्च २०२४ मध्ये एम३ चिपचा १३ इंची मॅकबुक एअर भारतात १,१४,९०० रुपयांपासून आला, त्यात ८ जीबी रॅम होती. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने किंमत तीच ठेवून रॅम १६ जीबी केली. मार्च २०२५ मध्ये एम४ चिपचा एअर आला तो ९९,९०० रुपयांपासून, १६ जीबी रॅमसह. म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये घेणाऱ्यापेक्षा सहा महिने थांबलेल्याला १५,००० रुपये कमी आणि रॅम दुप्पट.

हे वाचून थांबण्याचा मोह होतो. पण यातली कोणतीही गोष्ट कंपनीने आधी सांगितलेली नव्हती. कंपन्या अशा गोष्टी सहसा सांगत नाहीत, कारण पुढचं मॉडेल जाहीर केलं की आजच्या मॉडेलची विक्री थांबते. १९८३ मध्ये अमेरिकेतली ऑस्बॉर्न कॉम्प्युटर ही कंपनी दिवाळखोरीत गेली, त्याचं एक कारण हेच सांगितलं जातं. नव्या मॉडेलची चर्चा आधीच झाली आणि ग्राहकांनी जुनं घेणं बंद केलं. आजही अशा परिणामाला "ऑस्बॉर्न इफेक्ट" म्हणतात.

म्हणून साधा नियम ठेवा. नवं मॉडेल अधिकृतपणे जाहीर झालेलं असेल आणि विक्रीची तारीख महिना-दीड महिन्यात असेल, तर थांबा. नवं परवडलं नाही तरी त्या वेळी मागचं मॉडेल बऱ्याचदा स्वस्त होतं. नुसती अफवा असेल, तर तिच्यावर घरचं बजेट बांधू नका.

आणि "एआय लॅपटॉप"? मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये "कोपायलट प्लस पीसी" हा प्रकार जाहीर केला. त्यात किमान १६ जीबी रॅम आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करू शकणारा वेगळा एआय प्रोसेसर लागतो. पण चॅटजीपीटी, जेमिनी यांसारख्या सेवा मुख्यतः इंटरनेटवरून, कंपनीच्या सर्व्हरवर चालतात. त्यांच्यासाठी खास लॅपटॉप लागत नाही. केवळ "एआय" या अक्षरांसाठी थांबू नका आणि जास्त पैसेही मोजू नका.

सण, सेल आणि ईएमआय

आपल्याकडे खरेदीचं स्वतःचं कॅलेंडर आहे. गणपती झाले की पितृपक्ष लागतो आणि अनेक घरांत त्या पंधरवड्यात मोठी खरेदी करत नाहीत. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत मग दुकानांत आणि ऑनलाइन सगळीकडे सूट असते. २०२५ मध्ये तर घटस्थापना आणि नवे जीएसटी दर एकाच दिवशी, २२ सप्टेंबरला आले आणि दुसऱ्या दिवशी मोठे ऑनलाइन सेल सुरू झाले. याशिवाय प्रजासत्ताक दिनाच्या आसपास आणि शाळा-कॉलेज सुरू होताना, जून-जुलैमध्ये, ऑफर असतात.

म्हणजे वर्षात तीन-चार वेळा सेल येतोच. पुढचा सेल दीड महिन्याच्या आत असेल, तर थांबायला हरकत नाही. सहा महिन्यांवर असेल, तर त्याच्यासाठी काम अडवून ठेवू नका.

सेलमध्ये दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, आजच मॉडेल नंबरसकट किंमत लिहून ठेवा किंवा स्क्रीनशॉट काढा. "४० टक्के सूट" ही छापील एमआरपीवर असते. आपल्याला बघायचं आहे ते महिन्यापूर्वीच्या विक्रीच्या किमतीपेक्षा किती कमी झाली. दोन, "नो कॉस्ट ईएमआय" पूर्ण फुकट नसतो. बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट देतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि असल्यास प्रोसेसिंग फी तुम्हीच भरता. रक्कम छोटी असते, पण ती धरून रोख भावाशी तुलना करा.

अमेरिकेतून भाऊ-बहीण येणार म्हणून थांबायचं असेल, तर हेही लक्षात ठेवा. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. पण तिकडच्या जाहिरातीतल्या किमतीत बहुतेक ठिकाणी विक्रीकर धरलेला नसतो आणि काही कंपन्यांची वॉरंटी त्या देशापुरतीच असते. त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे विकत घेण्याआधी विचारा.

कोणी काय करावं?

मुलुंडमधला बारावी झालेला विद्यार्थी. इंजिनिअरिंगची ॲडमिशन चालू असेल, तर शाखा पक्की होईपर्यंत थांबा. हे थांबणं योग्य आहे, कारण त्याला कारणही आहे आणि तारीखही. सीईटी सेलच्या कॅप फेऱ्या संपल्या की चित्र स्पष्ट होतं. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्ससारखं सॉफ्टवेअर लागू शकतं आणि ते विंडोजसाठीच असतं, त्यामुळे आधीच मॅक घेऊन ठेवला तर पंचाईत. पहिल्या वर्षी प्रोग्रामिंगची ओळख असते. त्याला महागडा गेमिंग लॅपटॉप लागत नाही. कॉलेजच्या सीनियर मुलांना विचारा, ते दुकानदारापेक्षा खरं सांगतील.

घाटकोपरमधले अकाउंटंट. टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल हे काम. विंडोज ११ चालणारा, एसएसडी असलेला लॅपटॉप असेल तर नव्याची घाई नाही. तो विंडोज १० वर अडकलेला असेल, तर ग्राहकांचा डेटा तुमच्याकडे आहे हे विसरू नका. रिटर्नच्या गर्दीच्या महिन्यात बदलण्यापेक्षा हंगाम सुरू होण्याआधी बदला.

अंधेरीतली फ्रीलान्स व्हिडिओ एडिटर. इथे लॅपटॉप म्हणजे धंद्याचं हत्यार. एक व्हिडिओ रेंडर व्हायला आज दोन तास लागतात आणि नव्यावर पाऊण तास लागणार असेल, तर वाचलेला वेळ म्हणजे थेट पैसा. हिशोब जमत असेल तर थांबू नका. जीएसटी नोंदणी असेल, तर बिल व्यवसायाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्या, म्हणजे भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळू शकेल.

बोरिवलीतले निवृत्त आजी-आजोबा. नातवंडांशी व्हिडिओ कॉल, बँक, बातम्या. नवा लॅपटॉप घेण्याआधी एसएसडी आणि विंडोज ११ होतंय का बघा. होत नसेल, तर चांगल्या विक्रेत्याकडचा, लेखी वॉरंटी असलेला रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप बघता येईल. लेनोवो थिंकपॅड किंवा डेल लॅटिट्यूडसारखी मॉडेल ऑफिसच्या वापरासाठी बनवलेली असतात आणि मजबूत असतात. फक्त विंडोज ११ त्याच्यावर अधिकृतपणे चालतं का, हे दुकानातच तपासा.

घ्यायचाच ठरला, तर इतकं बघा

रॅम आधीच पुरेशी घ्या. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. चार-पाच वर्षं वापरायचा असेल, तर १६ जीबी घ्या. बजेट अगदीच कमी असेल, तर ८ जीबीचा, पण मोकळा रॅम स्लॉट असलेला घ्या. "नंतर वाढवू" हे वाक्य स्लॉट असेल तरच खरं असतं.

वजन हातात घेऊन बघा. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये बॅग पुढे छातीशी धरून उभं राहायचं असतं. १.३ किलोचा लॅपटॉप आणि चार्जरसकट तीन किलोच्या आसपास जाणारा गेमिंग लॅपटॉप यातला फरक कळायला बोरिवली ते चर्चगेट पुरेसं आहे. पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ बॅगेचा खर्चही बजेटमध्ये धरा.

सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा. घराजवळ किंवा ऑफिसच्या वाटेवर असेल तर उत्तम. घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी मिळत असेल, तर तिची मुदत विचारा.

जुन्याची विल्हेवाट लावण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, सगळ्या खात्यांतून लॉगआउट करा आणि डिस्क पूर्ण पुसा. भंगारवाल्याला देण्याऐवजी कंपनीच्या किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.

थांबायचं असेल, तर असं थांबा

एक कागद घ्या आणि तीन ओळी लिहा.

१. मी कशासाठी थांबतोय? (जाहीर झालेलं मॉडेल, ठरलेला सेल, ॲडमिशनचा निकाल, पगारवाढ.)
२. कोणत्या तारखेपर्यंत?
३. त्या तारखेला काहीच झालं नाही, तर कोणता लॅपटॉप किती रुपयांपर्यंत घेणार?

तिन्ही ओळी लिहिता आल्या, तर निर्धास्त थांबा. दरम्यान महत्त्वाच्या फाइलचा बॅकअप आजच घ्या, कारण जुना लॅपटॉप तुमची तारीख पाळेलच असं नाही. पहिलीच ओळ लिहिता येत नसेल आणि काम अडत असेल, तर लॅपटॉप घ्या.

आणि एकदा घेतलात की पुढचे दोन महिने त्याच मॉडेलच्या किमती बघू नका. तो कधी ना कधी स्वस्त होईलच, किंवा त्याच पैशांत त्याहून चांगला येईलच. दरम्यान सबमिशन वेळेवर गेलं, रिटर्न भरला गेला, क्लायंटचे पैसे आले, म्हणजे लॅपटॉपने आपलं काम केलं.